धडकन नाही आली: सात मिलिमीटर आणि अकरा दिवस

पत्र

मी २९ वर्षांची आहे, इंदूरला सुदामा नगरात राहते. शेवटची पाळी २४ एप्रिलला आली. माझी पाळी नेहमीच ३४ ते ३६ दिवसांनी येते. ३० मेला घरी टेस्ट केली तेव्हा दुसरी रेघ फिकट होती, २ जूनला ठळक आली. १२ जूनला सोनोग्राफी झाली, आधी पोटावरून, मग आतून. डॉक्टर म्हणाल्या, ‘सात हफ्ते हो गए, धड़कन नहीं आई, थैली भी ठीक से नहीं बढ़ी. गोली लिख देते हैं, नहीं तो सफ़ाई करवा लो.’ रिपोर्टमध्ये लिहिलंय: एमएसडी १७ मिमी, योक सॅक ४ मिमी, सीआरएल ४ मिमी, कार्डियाक ॲक्टिव्हिटी नॉट सीन, आणि शेवटी ‘मिस्ड ॲबॉर्शन’. गोळ्या आणल्यात, घेतलेल्या नाहीत. रक्तस्राव नाही, पोटात दुखत नाही. सासूबाई म्हणतात, स्कूटरवर खजराण्याच्या गणपतीला गेलीस, म्हणून झालं. हे म्हणतात, लवकर उरकून टाकू, म्हणजे तुझा त्रास संपेल. पुण्याची मावशी म्हणते, इकडे निघून ये, माझ्या डॉक्टरला दाखवू. मी काय करू?

– एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई, गोळ्या घेऊ नका. कपाटात ठेवून द्या. सफाईची तारीख दिली असेल तर ती पुढे ढकला. तुमच्या रिपोर्टवर जे आकडे आहेत, त्यांवरून ‘मिस्ड ॲबॉर्शन’, म्हणजे गर्भ आतच थांबला, असं लिहिता येत नाही. त्या आकड्यांवरून फार तर ‘अजून सांगता येत नाही, पुन्हा बघू’ एवढंच लिहिता येतं. गर्भ ठीक आहे असं आम्ही म्हणत नाही. तो आहे की नाही, हे १२ जूनला कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, एवढंच म्हणतो. आणि रक्तस्राव नाही, ताप नाही, असं असताना आठ-दहा दिवस थांबल्याने तुमच्या तब्येतीला धोका होत नाही.

आधी रिपोर्टची भाषा. इंदुरात डॉक्टर ‘थैली’ म्हणतात, आणि घरी येऊन आपण ‘पिशवी’ म्हणतो. गर्भाशयही पिशवीच, म्हणून ‘पिशवी वाढली नाही’ असं ऐकलं की काळजाचं पाणी होतं. इथे थैली म्हणजे गर्भाशयाच्या आत गर्भाभोवती असलेला पाण्याचा लहानसा फुगा. त्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजून तिन्हींची सरासरी काढतात, तो एमएसडी; तुमचा १७ मिमी. त्याच्या आत बारीक कड्यासारखी दिसते ती योक सॅक, वार तयार होईपर्यंत गर्भाला पोसणारी. ती ७ मिमीपेक्षा मोठी झाली तर शंका येते. तुमची ४ मिमी आहे, म्हणजे ठीक. सीआरएल म्हणजे गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, आणि सगळा निर्णय याच आकड्यावर होतो. तुमचा ४ मिमी, तांदळाच्या दाण्याहून लहान. एवढ्या गर्भाचं हृदय पडद्यावर लुकलुकतं ते अगदी एका ठिपक्याएवढ्या जागेत.

आता सात मिलिमीटरचा हिशेब. आतून केलेल्या एकाच सोनोग्राफीवरून सांगायचं तर गर्भ ७ मिमी किंवा त्याहून मोठा असेल आणि तरी ठोके दिसत नसतील, तरच गर्भ गेला असं निश्चित म्हणायचं. गर्भच दिसत नसेल, तर थैली २५ मिमी किंवा त्याहून मोठी असायला हवी. अमेरिकेतल्या अल्ट्रासाउंड तज्ज्ञ रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०१२ मध्ये बैठक बोलावून हे निकष ठरवले, ते २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनातही हेच दोन आकडे आहेत, उलट तिथे ७ मिमीच्या वरही दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या किंवा सात दिवसांनी पुन्हा बघा असं सांगितलंय. त्याआधी अमेरिकेत ५ मिमी आणि १६ मिमी या मर्यादा चालत. मग लक्षात आलं की ५ ते ६ मिमीच्या काही गर्भांत पहिल्या तपासणीला ठोके दिसले नाहीत, आणि पुढे ते नीट वाढले. शिवाय एकच गर्भ दोन डॉक्टरांनी मोजला तर मापात साधारण १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून मर्यादा वर नेली. जुन्या आकड्यांवर शिकलेले काही हात अजून त्याच आकड्यांवर चालतात. तुमचे ४ मिमी तर जुन्या मर्यादेतही बसत नाहीत, त्यामुळे हा निष्कर्ष आकड्यांपेक्षा ‘सात हफ्ते’ या दोन शब्दांवर बेतलेला दिसतो.

तर मग ते सात आठवडे तपासू. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि त्यात पाळी २८ दिवसांची आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवशी सुटलं असं गृहीत धरलेलं असतं. २४ एप्रिल ते १२ जून ४९ दिवस होतात, म्हणजे कागदावर बरोबर सात आठवडे. पण बीज सुटल्यावर पाळी साधारण १४ दिवसांनी येते. लांब पाळीत लांबतो तो आधीचा भाग. तुमची पाळी ३४ ते ३६ दिवसांची, म्हणजे बीज सुटलं असेल विसाव्या ते बाविसाव्या दिवशी, सहा ते आठ दिवस उशिरा. ४९ मधून ते वजा करा: ४१ ते ४३ दिवस, सुमारे सहा आठवडे. आणि ४ मिमीचा गर्भ असतो साधारण सहा आठवड्यांचाच. तेव्हा ‘थैली ठीक से नहीं बढ़ी’ ही तक्रार तुमच्या कॅलेंडरची आहे. फिकट रेघही याच बाजूने बोलते: बीज चौदाव्या दिवशी, ७ मेच्या सुमारास, सुटलं असतं तर ३० मेला तीन आठवडे उलटून गेले असते आणि रेघ ठळकच उमटली असती. (लघवी पातळ असली तरी रेघ फिकट येते, म्हणून या साक्षीवर फार भार टाकू नका.)

टेस्टची तारीख उलट्या बाजूनेही कामाला येते, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. गर्भधारणेची घरगुती टेस्ट बीज सुटल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत सहसा दोन रेघा दाखवत नाही. म्हणजे पहिली पॉझिटिव्ह टेस्ट झाली त्या दिवशी पाळीच्या हिशेबाने किमान २४ दिवस झालेले असतात. एखादीची टेस्ट सोनोग्राफीच्या पाच आठवडे आधी पॉझिटिव्ह आली असेल आणि तरीही गर्भ ४ मिमीचाच असेल, तर ‘तारीख चुकली असेल’ ही आशा तिने धरू नये. तुमच्या बाबतीत ३० मे ते १२ जून १३ दिवस होतात, त्यामुळे किमान वय ३७ दिवस निघतं. गर्भ कागदावरच्या सात आठवड्यांहून लहान असायला जागा आहे.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. बऱ्याच निरोगी गर्भांत २ ते ४ मिमीपर्यंत ठोके दिसायला लागतात. ४ मिमीला न दिसणं हे नॉर्मलच्या हद्दीत येतं, पण अगदी बिनघोर नाही. वैद्यकीय निकषांत अशा रिपोर्टला ‘संशयास्पद, निश्चित नाही’ या खणात टाकतात. तुमच्यासारख्या काहीजणींचा पुढचा रिपोर्ट छान येतो, काहीजणींचा येत नाही. मशीन जुनं असेल, गर्भाशय मागे झुकलेलं असेल, फायब्रॉइडची गाठ मध्ये येत असेल, तर दिसायला अडचण होते. आणि फक्त पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तर ठोके साधारण आठवडाभर उशिरानेच दिसतात; कुणाची तपासणी तेवढीच झाली असेल तर नाइसच्या सांगण्याप्रमाणे पुढची किमान १४ दिवसांनी करायची. तुमची आतून झालीये, ते बरं झालं.

गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. तो वाढत असेल तर १९ जूनला, म्हणजे सात दिवसांनी, ११ मिमीच्या आसपास असेल आणि ठोके स्पष्ट दिसतील. त्या दिवशी तो ७ मिमी किंवा मोठा असून ठोके नसले, तर उत्तर ‘नाही’, आणि ते पक्कं. अडचण येते तिसऱ्या शक्यतेत: तो ५ मिमीच असेल आणि ठोके नसतील. मग लक्षण वाईट, पण ७ च्या आतलं, आणि पुन्हा चार दिवस टांगणी. त्यासाठी दुसरा नियम आहे: थैली आणि योक सॅक दिसल्यापासून ११ दिवसांनीही ठोक्यांसह गर्भ दिसला नाही, तर आकार काहीही असो, निदान निश्चित. (थैली दिसली पण योक सॅकही नव्हती, अशांसाठी हेच अंतर १४ दिवसांचं.) तुमचा अकरावा दिवस २३ जून. आमचा सल्ला २३ जूनचाच, कारण त्या दिवशी एकाच फेरीत हो किंवा नाही कळतं. तोवर धीर धरवत नसेल तर १९ ला जा, पण त्याच्या आधी नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीतून कळत काही नाही, आणखी एक ‘नॉट सीन’ मात्र हातात येतो.

दुसरी सोनोग्राफी शक्यतो दुसऱ्या सेंटरला करा, पहिला रिपोर्ट आणि फोटो बरोबर न्या, आणि जाताना म्हणा, ‘आतून करायची आहे, टीव्हीएस’. तिथे तासभर पाणी पीत बसवतात ते पोटावरच्या तपासणीसाठी. आतल्या तपासणीला लघवी करून जायचं. भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय प्रोबपासून, म्हणजे आत घालायच्या दांडीपासून, लांब जातं. चित्र मोठं करून गर्भावर अर्धा-एक मिनिट थांबून बघायला सांगा. ठोके दिसले तर एम-मोडने (मशीनमधली ठोके मोजायची सोय) मोजून आकडा लिहून घ्या, आणि तो तुमच्या स्वतःच्या नाडीपेक्षा वेगळा आहे ना, हे विचारा. आईच्या रक्तवाहिनीची हालचाल कधीकधी फसवते. सहा आठवड्यांना मिनिटाला १०० ठोके पुरेत, सातव्याच्या पुढे १२० च्या वर हवेत. ठोक्यांचा आवाज ऐकवा असा हट्ट करू नका. आवाजासाठी डॉप्लर लावावा लागतो, त्यात ऊर्जा जास्त जाते, आणि एवढ्या लहान गर्भावर तो शक्यतो टाळतात. ‘पडदा दाखवता येत नाही, कानून है’ असं कुणी म्हणालं, तर कायदा गर्भाचं लिंग सांगण्याला बंदी करतो, ठोके दाखवायला नाही. सहा-सात आठवड्यांना लिंग दिसतही नाही. याच कायद्याचा फॉर्म एफ मात्र प्रत्येक वेळी भरावा लागेल, ओळखपत्र बरोबर ठेवा. खासगीत खर्च परवडत नसेल तर एमजीएम मेडिकल कॉलेजच्या एमवाय आणि एमटीएच या रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहे. सकाळी लवकर गेलेलं बरं.

मधल्या काळात कुणी ‘बीटा करून घ्या’ म्हणेल. बीटा एचसीजी म्हणजे रक्तातल्या गर्भधारणेच्या हार्मोनची तपासणी; तिचा उपयोग सोनोग्राफीत काहीच दिसत नसतं तेव्हा. गर्भाशयात योक सॅक दिसल्यावर त्या आकड्याने निर्णय होत नाही, कारण गर्भ थांबला तरी वार तयार करणाऱ्या पेशी काही दिवस एचसीजी बनवत राहतात, आणि चांगल्या गर्भातही सहा आठवड्यांनंतर तो दर ४८ तासांनी दुप्पट होत नाही. पैसे वाचवा. गर्भ टिकवायचं म्हणून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दिलंय का, तेही बघा. ज्यांना रक्तस्राव होतोय आणि आधी गर्भपात झालेला आहे अशांना त्याचा उपयोग दिसलाय. थांबलेले ठोके त्याने सुरू होत नाहीत. योक सॅक गर्भाशयात दिसल्याने गर्भ नळीत अडकण्याची भीती जवळजवळ संपली, ही तुमच्या रिपोर्टमधली चांगली बातमी, आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही.

थोडं तपकिरी डाग पडणं चालेल. पण तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा चक्कर येऊन पडायला होतंय, ताप आहे, स्रावाला घाण वास आहे, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

मेडिकलवर मिळणाऱ्या ‘किट’बद्दल एक शब्द. त्यात मिफेप्रिस्टोन २०० मिग्रॅची एक आणि मिसोप्रोस्टोल २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. ती चालू गर्भ संपवण्यासाठीच बनलेली औषधं आहेत. जिवंत गर्भावर पडली तर तो जाईल, आणि मग १२ जूनला तो होता की नव्हता हे कधीच कळणार नाही. म्हणून निदान पक्कं होण्याआधी ती नकोत. निदान पक्कं झाल्यावर तीच औषधं योग्य आहेत.

२३ तारखेला उत्तर ‘नाही’ आलं तर तीन वाटा आहेत आणि निवड तुमची. पहिली, आपोआप होऊ देणं: ७ ते १४ दिवस थांबायचं. दुसरी, औषध: आधी मिफेप्रिस्टोन २०० मिग्रॅ तोंडाने, मग डॉक्टर सांगतील तसं २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टोल ८०० मायक्रोग्रॅम, चार गोळ्या योनीमार्गात. नुसत्या मिसोप्रोस्टोलपेक्षा आधी मिफेप्रिस्टोन दिल्याने काम जास्त वेळा पूर्ण होतं: २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या फेरतपासणीपर्यंत ८४ टक्के स्त्रियांचं झालं, एकट्या मिसोप्रोस्टोलने ६७ टक्क्यांचं. फक्त मिसोप्रोस्टोल लिहून दिलं असेल तर विचारा का. कळा जोरात येतात, पाळीपेक्षा खूप जास्त. दुखण्याची गोळी आधीच घ्या, आणि त्या दिवशी घरात कुणीतरी मोठं माणूस असू द्या. तीन आठवड्यांनी घरी टेस्ट करायची. तेव्हाही दोन रेघा आल्या तर परत दाखवायचं. तिसरी वाट म्हणजे सफाई. हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. व्हॅक्यूमने, म्हणजे हवेच्या ओढीने, गर्भाशय रिकामं करणं ही आजची पद्धत, दहा-पंधरा मिनिटांची. धातूच्या चमच्याने खरवडणं म्हणजे जुनं डीएनसी. त्यात गर्भाशयाला इजा होऊन आत चिकटण्याची शक्यता जास्त, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ते नको म्हणते. सही करण्याआधी ‘व्हॅक्यूम की चमचा?’ हा प्रश्न तोंडातून निघालाच पाहिजे.

पत्रात ब्लड ग्रुप नाही. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात.

स्कूटरबद्दल. एवढ्या सुरुवातीला थांबणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची बेरीज-वजाबाकी चुकलेली असते, आणि ती चूक फलनाच्या वेळीच होऊन गेलेली असते. खजराण्याची स्कूटर, सराफ्यातलं रात्रीचं खाणं, पपई, उचललेली बादली, यांतलं काहीही त्यापर्यंत पोचत नाही. सासूबाईंना वाचून दाखवायला हरकत नाही. आणि रिपोर्टमधल्या ‘ॲबॉर्शन’ या शब्दाने घरात गैरसमज होत असेल तर सांगा, डॉक्टरी भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही तोच शब्द वापरतात. कुणी काही पाडलेलं नसतं. एका गर्भपातानंतर ‘टॉर्च’ तपासण्यांचा (काही संसर्गांसाठीच्या रक्ततपासण्या) लांबलचक कागद हातात पडला तर तो दुमडून ठेवा. थायरॉइड आणि साखर बघणं ठीक. फॉलिक ॲसिड मात्र रोज ४०० मायक्रोग्रॅम चालू राहू दे, निकाल काहीही लागो.

तुमच्या यजमानांना त्रास लवकर संपवायचाय, ते आम्हाला कळतं. त्यांना एवढंच विचारा की २३ तारखेला बरोबर येणार का, आणि त्या दिवशीची सुट्टी आजच टाकायला सांगा.

राहिली पुण्याची गोष्ट. प्रवासाने गर्भाला काही होत नाही. पण इंदूर-पुणे म्हणजे रात्रभराची बस, आणि याच दिवसांत रक्तस्राव सुरू झाला तर तो हायवेवर कुठल्यातरी ढाब्यापाशी होईल. मावशींना इकडे बोलवा.